नाशिक: रिसर्च सेल गळ्यात पडलाय आणि हातात तीन लाख आहेत, कुठून सुरुवात करू?

गंगापूररोडची_केमिस्ट

नमस्कार मंडळी. मी नाशकातल्या एका जुन्या अनुदानित कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, बीएस्सी आणि एमएस्सी दोन्ही. कॉलेजचं नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील, पण प्लीज इथे लिहू नका.

तर झालं असं की जूनच्या पहिल्या मीटिंगमध्ये प्राचार्य म्हणाले आता नॅक म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन जवळ आलंय, रिसर्चच्या निकषात आपण मागच्या वेळी मार खाल्ला, तेव्हा रिसर्च सेल स्थापन करायचा, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या, मी तेव्हा नेमकी पाणी पिण्यासाठी मान वर केली होती. झाले कोऑर्डिनेटर. संस्थेनं सीड मनी म्हणून तीन लाख मंजूर केलेत, मार्चच्या आत खर्च करायचे.

स्टाफरूममध्ये आत्तापासून तीन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते बारा डिपार्टमेंट आहेत, प्रत्येकाला पंचवीस-पंचवीस हजार वाटून टाका, कोणी नाराज नको. दुसरी म्हणते एक चांगलं इन्स्ट्रुमेंट घ्या, निदान नॅकवाले आले की दाखवता येईल. तिसरी म्हणते दोन दिवसांची नॅशनल कॉन्फरन्स घ्या, फोल्डर, जेवण, स्मरणिका, फोटो, विषय संपला.

मला तिन्ही पटत नाहीत पण चौथं काय ते सुचत नाही. माझा स्वतःचा आठवड्याला सोळा तासांचा वर्कलोड आहे, वर परीक्षा, ॲडमिशन कमिटी, इलेक्शन ड्युटी. आमच्याकडे पीएचडी झालेले एकवीस जण आहेत आणि गेल्या दोन वर्षांत नाव घेण्यासारखा पेपर आलाय दोघांचा. लोक आळशी आहेत असं मी म्हणणार नाही. पीएचडी झाली, इन्क्रिमेंट लागलं, मग हळूहळू सगळं थांबलं, माझंही तेच झालंय खरं सांगायचं तर.

ज्यांनी कॉलेजच्या पातळीवर असं काही उभं केलंय किंवा करताना आपटलेत त्यांनी लिहा. मोठ्या ग्रँटसाठी आम्ही पात्र तरी आहोत का हेही कळत नाहीये.

---

निवृत्त_मास्तर_पंचवटी

मॅडम, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं बत्तीस वर्षं, आता निवृत्त. तुमच्या तिन्ही पार्ट्या मी ओळखतो, तिन्हींमध्ये मी कधी ना कधी होतो.

इन्स्ट्रुमेंटचं आधी सांगतो. आमच्याकडे एक एफटीआयआर आलं होतं, नारळ फुटला, पेढे वाटले, आणि वॉरंटी संपल्यावर एएमसीचे म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे कोणी द्यायचे यावर दोन वर्षं टिपण्या फिरल्या. शेवटी त्यावर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ. तीन लाखांत येणारं यंत्र तुम्हाला पुढे नेणार नाही आणि जे नेईल ते तीन लाखांत येत नाही. त्यापेक्षा सॅम्पल बाहेर पाठवा. पुणे विद्यापीठात सेंट्रल इन्स्ट्रुमेंटेशन फॅसिलिटी आहे, आयआयटी मुंबईत सैफ नावाचं तसंच केंद्र आहे, आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली यंत्रं दिसतात आणि स्लॉट बुक करता येतो. पर सॅम्पल पैसे द्यायचे, विषय संपला. दुरुस्ती त्यांच्या डोक्याला.

आता मुद्द्याचं. नाशकातल्या प्रत्येक कॉलेजात दर वर्षी दोन-चार मुलं एमएस्सीच्या प्रोजेक्टला काय घेतात? गोदावरीचं पाणी. रामकुंडावरून बाटली भरली, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन), बीओडी (घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन), कॉलिफॉर्म (दूषितपणा दाखवणारे जंतू), तीन चार्ट, बाइंडिंग, मार्क. पुढच्या वर्षी दुसरी मुलं, दुसरा घाट, दुसरी पद्धत, परत शून्यापासून. माझ्याच हाताखाली असे पंधराएक प्रोजेक्ट झाले असतील, आणि २०१५ च्या कुंभमेळ्याच्या वेळी एका पत्रकारानं विचारलं की सर पर्वणीच्या आधीच्या पाच वर्षांचे आकडे द्या ना, तर माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. प्रोजेक्ट पंधरा, पण एकाला एक जोडून वाचता येतील असे दोनसुद्धा नाहीत. कोणी सकाळी सातला पाणी घेतलंय, कोणी दुपारी दोनला. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, डीओ वर जातो, मग तुलना कशाची करणार? मला त्या दिवशी फार लाज वाटली.

आता २०२७ चा कुंभ समोर आहे. माझं म्हणणं असं, की पाच ठिकाणं कायमची ठरवा: सोमेश्वर, रामकुंड, तपोवन, दसक, आणि खाली नांदूरमध्यमेश्वर. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी आठच्या आत. डीओची बाटली जागेवरच फिक्स करायची, म्हणजे रसायनं घालून त्यातला ऑक्सिजन बांधून ठेवायचा, मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड खिशात घेऊन जायचं, लॅबमध्ये येईपर्यंत थांबायचं नाही. बीओडी एकतर तीन दिवस सत्तावीस अंशाला लावा नाहीतर पाच दिवस वीस अंशाला, पण एकदा ठरलं की बदलायचं नाही, आणि बाटली उतरवून मोजायचा दिवस रविवारी येणार नाही असा वार धरा. आंघोळीच्या पाण्याचे केंद्रीय प्रदूषण मंडळाचे निकष सगळ्यांना माहीत आहेत, बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत, डीओ ५ च्या वर, फीकल कॉलिफॉर्म शंभर मिलिलिटरला ५०० च्या आत असावेत आणि २५०० च्या पुढे जाऊ नयेत. आपली नदी यात कुठल्या महिन्यात बसते आणि कुठल्या महिन्यात बसत नाही एवढं जरी सलग तीन वर्षं लिहून ठेवलंत तरी नदीवर बोलायला येणारा प्रत्येक माणूस आधी तुमच्या वहीकडे येईल.

यात केमिस्ट्री आली, मायक्रो आली, बॉटनी-झूऑलॉजीला नांदूरमध्यमेश्वर मिळालं, रामसर म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळालेलं ते महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण आहे, भूगोलवाल्यांना नकाशे, आणि स्टॅटवाल्यांना बिचाऱ्यांना पहिल्यांदा खरा डेटा. पंचवीस हजार वाटण्यापेक्षा हे बरं नाही का?

आणि शनिवारी एक तास. एकानं एक पेपर वाचून सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. आम्ही सुरू केलं तेव्हा पहिले सहा महिने चार जण यायचे, त्यातला एक चहासाठी.

---

हिशेबनीस_सातपूर

मी एका कॉलेजच्या अकाउंट सेक्शनला आहे, एकोणीस वर्षं. सरांचं सगळं बरोबर आहे पण सर लोक पैशाचं बोलत नाहीत आणि मग मार्चला आमच्या टेबलावर रडतात म्हणून लिहितो.

मॅडम पहिलं काम, ऑफिसातला एक माणूस सेलमध्ये घ्या. नुसता सहीपुरता नको, मीटिंगला बसवा. मी जेवढी प्रोजेक्टं बुडताना पाहिली ती सायन्समुळे नाही बुडाली, यूसीमुळे बुडाली. केंद्राची ग्रँट आली की वर्षाअखेर युटिलायझेशन सर्टिफिकेट द्यायचं, जीएफआर १२-ए नमुन्यात, सोबत खर्चाचं स्टेटमेंट, सीएची सही, ते गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही. हप्ता आला नाही की प्रोजेक्ट फेलोचा पगार थांबतो, पोरगा सोडून जातो, मग सर म्हणतात सरकार पैसे देत नाही. सरकार देत नाही हेही खरं असतं कधी कधी, पण निम्म्या वेळा आपलाच कागद आपल्याच ड्रॉवरमध्ये असतो.

ग्रँटवर बँकेत व्याज मिळालं तर ते आपलं नसतं, परत भरायचं असतं. हे कळल्यावर एका सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, त्यांनी त्यातून कपाट घेतलं होतं. हल्ली बऱ्याच योजनांत झीरो बॅलन्स अकाउंट असतं, पैसे आपल्याकडे पडूनच राहत नाहीत, खर्च करायच्या वेळी वरून ओढायचे, त्यामुळे पीएफएमएसवर, म्हणजे केंद्राच्या पैशांच्या पोर्टलवर, एजन्सी रजिस्ट्रेशन आणि व्हेंडर आधीच करून ठेवलेले बरे. आणि ते एकाच क्लार्कच्या लॉगिनवर ठेवू नका, तो रजेवर गेला की सगळं ठप्प.

आता तुमचे तीन लाख. हे संस्थेचे आहेत म्हणजे वरचं काही लागू नाही, खरेदीचे नियम तुमच्या संस्थेचे, पण सवय म्हणून तसंच वागा. प्रत्येक खर्चाला तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, डेडस्टॉकला म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या रजिस्टरला नोंद, आणि सॅम्पल आणायला रिक्षा केली तर तिचंसुद्धा व्हाउचर. पहिल्या वर्षाचा हिशेब चोख दिसला तर दुसऱ्या वर्षी पाच लाख मागताना तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही, मी फाईल पुढे सरकवेन, म्हणजे तुमच्याकडचा माझ्यासारखा कोणीतरी सरकवेल.

कॉन्फरन्स घेऊच नका. ॲडव्हान्स उचललेल्यांची बिलं मी अजून गोळा करतोय, आणि स्मरणिकांचे गठ्ठे आमच्या जिन्याखाली आहेत.

---

पीएचडी_पाचवं_वर्ष

मास्तर सरांबद्दल आदर आहे, मी त्यांची विद्यार्थिनी नाही पण त्यांच्यासारखेच सर मला लाभलेत. तरी एक सांगते. चहावर आणि शनिवारच्या तासावर रिसर्च होत नाही, तो कोणीतरी पोटाला चिमटा घेऊन करत असतं आणि बहुतेक वेळा ते आम्ही असतो.

ज्याला जेआरएफ म्हणजे केंद्राची कनिष्ठ फेलोशिप आहे त्याला १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार, एसआरएफ म्हणजे वरिष्ठ झाल्यावर ४२. चांगलं आहे. पण कॉलेजच्या रिसर्च सेंटरवर किती जणांना जेआरएफ असतं? आमच्या लॅबमध्ये पाचात एक. बाकीच्यांसाठी राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या फेलोशिप देणाऱ्या संस्था आहेत, मला त्यातल्याच एकीची फेलोशिप आहे आणि तिच्यामुळेच मी इथपर्यंत आले, पण पैसे दर महिन्याला येत नाहीत, येतात तेव्हा गठ्ठ्यानं येतात आणि तोपर्यंत मेसवाल्या काकू विचारत राहतात. उरलेले तासिका तत्त्वावर शिकवतात, सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी लॅब. अशा मुलाला तुम्ही म्हणणार की पहाटे सहाला नांदूरमध्यमेश्वरला जाऊन बाटल्या भरून आण. आणेल तो, नाही म्हणायची सोय नसते, पेट्रोल त्याचंच.

म्हणून मॅडम त्या तीन लाखांतले आधी प्रवास आणि मुलांचं मानधन बाजूला काढा. फार नाही, महिन्याला अडीच-तीन हजार दोन मुलांना दिले तरी वर्षाला साठ-सत्तर हजारच जातात. आणि डेटावर त्यांचं नाव राहील हे आधी लेखी ठरवा. माझ्या एमएस्सीच्या कामाचा पेपर आला तेव्हा माझं नाव आभारात होतं, तेही चुकीच्या स्पेलिंगनं.

दुसरं, पेपरच्या मागे लागायला लावू नका कोणाला. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी थिसिसआधी पेपर छापायची सक्ती काढलीये, मान्य जर्नलची केअर लिस्टही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तरी आमच्याकडे अजून दोन हजार रुपये भरून चार दिवसांत छापणाऱ्या 'इंटरनॅशनल' जर्नलच्या लिंक ग्रुपवर फिरतात आणि टाकणारे सर असतात. तुमच्या सेलनं जर एवढंच केलं की असल्या जर्नलमधला पेपर कॉलेजच्या यादीत मोजायचा नाही, तर मी तुम्हाला लांबून नमस्कार करेन. नॅकचा आकडा मात्र कमी होईल, प्राचार्यांना आधी सांगून ठेवा.

---

गंगापूररोडची_केमिस्ट

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. हिशेबनीस दादा, आमच्या अकाउंटच्या भाऊंना आज मीटिंगचं विचारलं तर ते म्हणाले मॅडम एकवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी बोलावलं. आणि लगेच म्हणाले पण चारनंतर ठेवा, कॅश बंद झाल्यावर.

ताई, मानधनाचं एकदम मान्य, मी हा विचारच केला नव्हता, आणि पेट्रोलचं वाचून मला माझेच दिवस आठवले, माझ्या गाइडच्या घरचा गॅस सिलेंडरसुद्धा मी आणलाय.

प्रश्न राहतो तो मोठ्या पैशाचा. तीन लाख संपल्यावर काय? एएनआरएफ म्हणतात ते केंद्राचं नवं संशोधन प्रतिष्ठान आमच्यासारख्यांना कितपत?

---

निवृत्त_मास्तर_पंचवटी

ताईंनी कान धरला तो योग्यच धरला. आमच्या पिढीनं विद्यार्थ्यांच्या पेट्रोलवर बरंच संशोधन केलं, लिहायला लाज वाटते पण खरं आहे.

एएनआरएफचं असं आहे. कायदा २०२३ चा, ग्रँट देणारं जुनं सर्ब हे मंडळ त्यात विलीन झालं. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी हा आकडा तुम्ही पेपरात वाचला असेल, पण त्यातला मोठा भाग सरकारच्या तिजोरीतून नाही, उद्योग आणि बाकीच्यांकडून यावा अशी अपेक्षा आहे, त्यामुळे तो आकडा बघून हुरळून जायचं नाही. त्यांची पेअर नावाची योजना आहे, एक मोठी संस्था हब आणि तिच्याभोवती विद्यापीठं स्पोक. तिथे कॉलेजनं एकट्यानं दार वाजवून उपयोग नाही, विद्यापीठाच्या विभागातल्या कोणाचं तरी बोट धरून जावं लागतं. कॉलेज म्हणून थेट बघायचं तर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) स्टार कॉलेज योजना आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची (डीएसटी) फिस्ट योजना यांची माहिती काढा, स्टार कॉलेज पदवीच्या प्रॅक्टिकल सुधारायला आहे, ते छोटं वाटतं पण लॅब तिथूनच उभी राहते. राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे, त्यांना स्थानिक प्रश्न आवडतात.

आणि आविष्कार. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारानं सुरू झालेली ती विद्यापीठांची संशोधन स्पर्धा, मुलं पोस्टर करतात, बक्षीस घेतात आणि पोस्टर कपाटावर जातं. तुमच्या पाच घाटांच्या नोंदींतून दर वर्षी एक पोस्टर आपोआप निघेल, वेगळी मेहनत नाही.

प्रपोजल लिहिताना एवढंच, की रिव्ह्यूअरला आधीचा डेटा दिसला पाहिजे. 'आम्ही करू' असं लिहिणारे शेकडो असतात. 'अठरा महिने करतोय, हे आकडे, इथे अडलोय' असं लिहिणारा एखादाच सापडतो.

---

निफाडचा_बागाईतदार

मी प्राध्यापक नाही. बीएस्सी मायक्रो करून द्राक्षबाग बघतो, निफाड तालुका, हा धागा बायकोनं पाठवला.

२०१० आठवतंय का कोणाला? युरोपात माल अडकला, सीसीसीचे म्हणजे क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून. आमच्या गावात कंटेनर परत येणार या भीतीनं लोक झोपले नव्हते. तेव्हा माझे वडील मी शिकलो त्या कॉलेजात गेले होते विचारायला की पानात, मण्यात किती दिवस राहतं हे तपासून मिळेल का. तिथे सांगितलं सुट्ट्या लागल्यात, जूनमध्ये या. चूक कोणाची नाही, पण तुमचं वेळापत्रक आणि बागेचं वेळापत्रक यांची गाठच पडत नाही. गोडी छाटणी ऑक्टोबरात, भुरी-डाउनी या रोगांचा सगळा खेळ त्यापुढचे दोन महिने, आणि नेमकं तेव्हा तुमच्याकडे दिवाळी आणि परीक्षा. एप्रिलात खरड छाटणी, तेव्हा तुमचे पेपर तपासणं.

पाण्याचं करा, चांगलंच आहे, तेच पाणी कालव्यानं आमच्याकडे येतं. पण एखादं काम बागेच्या कॅलेंडरवर करा. जागा मी देतो, दोन ओळी तुमच्या, फवारणी तुमच्या सांगण्यानुसार, नुकसान झालं तर माझं. तपासणीचा खर्चही आमच्या गटातले दहा-बारा जण मिळून उचलतील, कारण आम्ही तसेही लॅबला पैसे भरतोच. फक्त एक अट, रिझल्ट काय आला ते मराठीत एका पानावर आम्हाला द्यायचं, पेपर छापून येईपर्यंत थांबायला लावायचं नाही.

---

अंबड_एमआयडीसी

वरच्या शेतकरी दादांना सलाम. मी एका कंपनीत सीएसआर म्हणजे सामाजिक कामांवरचा खर्च बघतो, थोडक्यात लिहितो. मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. पण 'संशोधन' या कलमाखाली पैसे द्यायचे तर ते सरकारी पैशानं चालणारी विद्यापीठं, आयआयटी, राष्ट्रीय प्रयोगशाळा अशांनाच, प्रत्येक कॉलेज त्यात बसत नाही. म्हणून आमच्याकडे रिसर्च म्हणून येऊ नका, शिक्षण किंवा पर्यावरण म्हणून या, गोदावरीच्या नोंदी त्यात सहज बसतात. आणि जानेवारीनंतर येऊ नका, तोवर बजेट ठरून गेलेलं असतं. दर वर्षी फेब्रुवारीत कोणीतरी सर कोट घालून येतात आणि पंचवीस लाखांचं प्रपोजल ठेवतात. दोन लाखांचं ठेवलं असतं तर तिथल्या तिथे विचार केला असता.

---

गंगापूररोडची_केमिस्ट

अपडेट देते, तीन आठवडे झाले.

प्राचार्यांशी बोलले. वाटून टाकणं रद्द, कॉन्फरन्सही रद्द, म्हणजे 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणाले, आपण रद्द समजू. इन्स्ट्रुमेंटवाली पार्टी अजून नाराज आहे, त्यातले एक सर माझ्याशी बोलत नाहीत पण त्यांनीच काल बीओडी इन्क्युबेटरची किल्ली आणून दिली, स्टोअरमध्ये होता म्हणे, चालू आहे, तापमान सत्तावीसवर स्थिर राहतंय का ते आठवडाभर थर्मामीटर लावून बघतोय.

पैशाची ढोबळ मांडणी अशी केलीये: सत्तर हजार दोन मुलांचं मानधन, चाळीस प्रवास, नव्वद केमिकल आणि काचसामान, साठ बाहेरच्या तपासण्या, चाळीस शिल्लक कारण काहीतरी फुटणारच. जर्नलचा ठराव मीटिंगमध्ये आणला, दोघांनी विरोध केला, दोघांचेही तिथेच पेपर आहेत. तो पुढच्या मीटिंगवर ढकललाय.

गुरुवार ठरला, म्हणजे तीन दिवसांची बाटली रविवारी उतरवायला लागत होती, हे बारावीतल्या माझ्या मुलानं लक्षात आणून दिलं. म्हणून आता मंगळवार, शुक्रवारी उतरवायची. पहिली फेरी गेल्या मंगळवारी झाली, सोमेश्वर ते दसक चार ठिकाणं जमली, नांदूरमध्यमेश्वरला पोचेपर्यंत साडेनऊ वाजले म्हणून ते पाणी मोजलं पण तक्त्यात घेतलं नाही. दोन गाड्या लागणार आहेत. मास्तर सर, फिक्स करायला दसकला तुम्ही आलात तर बरं होईल, मुलांचा हात अजून बसला नाहीये, बाटलीत बुडबुडे राहतात.

निफाडचे दादा, तुम्हाला मेसेज केलाय, ऑक्टोबर छाटणीची तारीख कळवा.

---

निवृत्त_मास्तर_पंचवटी

येतो. बाटली पाण्याखालीच भरायची आणि बूच पाण्याखालीच लावायचं, मग बुडबुडा राहत नाही. साडेसातला पुलाजवळ थांबतो. आणि नांदूरमध्यमेश्वरचं साडेनऊचं रीडिंग फेकू नका, वेळ लिहून वेगळ्या पानावर ठेवा.

---

हिशेबनीस_सातपूर

दोन गाड्या म्हणजे दोन लॉगबुक. सुरुवातीचं किलोमीटर रीडिंग फोटो काढून ठेवा.